वॉकमनला दिलेला हुंकार

सुरतेला मी गेले ती माझा आवाज भरून द्यायला. असं मी अमळनेर स्टेशनावर निदान चार बायकांना सांगितलं. त्यातल्या तिघींनी मला काही विचारलं नव्हतं, आणि चौथीने विचारलं होतं ते ‘जरा सरकता का’ एवढंच.

आता तुम्हाला मुळापासून सांगते. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी सुनंदा सुरतेला मराठी शाळेत शिकवते. तिने पत्र पाठवलं. तिथे चौक भागात एक लहानसं खासगी संग्रहालय आहे. मालकांचा मुलगा परदेशात असतो, त्याने वीस वॉकमन पाठवले. वॉकमन म्हणजे तळहाताएवढं टेपचं यंत्र. मूल आत शिरलं की ते त्याच्या गळ्यात अडकवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, आणि कपाटासमोर उभं राहून बटण दाबायचं. समोरची वस्तू काय आहे, कुणाची आहे, ते कानात ऐकू येतं. घंटी वाजली की बटण बंद, आणि पुढच्या कपाटाकडे. नव्वद सालानंतर काय काय निघालं हो! आमच्या वेळी गुरुजींचा हातच कानाला लागायचा.

कॅसेट होत्या तीन. गुजराती, हिंदी आणि इंग्रजी. सुनंदाची मुलं बाजारात गुजराती बोलतात, गल्लीत हिंदी, घरी अहिराणी आणि शाळेत मराठी. पण कॅसेटमधलं गुजराती आणि हिंदी असं भारदस्त, की बाजारात तसं बोललं तर कोथिंबीर मिळणार नाही. पोरं दहा मिनिटांत कंटाळली. टेप पुढे-मागे पळवून चूंचूं आवाज काढू लागली, दोघं तर कपाटांभोवती धावली. संग्रहालयाची व्यवस्था बघणारे निरंजनभाई आले आणि त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं.

सुनंदा गप्प बसणारी नाही. मराठी कॅसेट करून आणते, एक संधी द्या, म्हणाली. निरंजनभाई म्हणाले, “एकच. मुलं शांत राहिली, आणि काय पाहिलं ते नंतर मला सांगू शकली, तर कॅसेट ठेवून घेईन. नाहीतर बेन, पुन्हा विचारायला येऊ नका.” मुख्याध्यापक म्हणाले, तुमच्या जबाबदारीवर काय ते करा. म्हणजे सगळं सुनंदाच्या अंगावर.

म्हणून पत्रात लिहिलं होतं, “मावशी, तुझी गोष्ट ऐकताना मूल जागचं हलत नाही. तू ये.”

मी वीस वर्षं अंगणवाडी चालवली. तिथलं मूल जागचं हलत नसे हे खरं. गोष्ट संपल्यावर खिचडी मिळते म्हणून हलत नसे, हे मी सुनंदाला कळवलं नाही. माझं शिक्षण पाचवी. पुढचं सगळं वाण्याच्या पुड्या सोडून, त्या कागदांवर वाचलेलं. अशा बाईला संग्रहालयातून बोलावणं यावं! मी पिशवीत भरताची वांगी भरली आणि निघाले.

डिंडोली

गाडीचं काही सांगत नाही, गाडी गाडीसारखीच होती. चलथाण आलं हे मात्र डोळ्यांआधी नाकाला कळलं. साखर कारखान्याच्या मळीचा वास. मी पदर नाकाला लावला तो उधना स्टेशनावर उतरेपर्यंत काढलाच नाही. काही वर्षांपूर्वी सुरतेत प्लेगची साथ आली होती, तेव्हाच्या बातम्या माझ्या डोक्यात. सुनंदा न्यायला आली होती. म्हणाली, “मावशी, दात दुखतोय का?”

“नाही गं, घाण असेल म्हणून.”

“कुठे दिसते ती दाखव मला.”

मी शोधली. खरंच सांगते, शोधली. साथीनंतर ते शहर असं झाडून काढलेलं, की फलाटावर एकच कचरा होता, माझ्या पिशवीतून सांडलेला वांग्याचा देठ. एक झाडणारी बाई आली, तिने माझ्याकडे बघत तो उचलला. पदर नाकावरून काढला तो मग चेहरा झाकायला घेतला.

डिंडोलीला सुनंदाचं दोन खोल्यांचं घर. गल्ली सगळी आपलीच माणसं, शिरपूरची, शहाद्याची, पारोळ्याची. पण घरात पाऊल टाकलं आणि मला वाटलं, छपरावर कुणी तरी खलबत्ता कुटतंय. शेजारच्या भिंतीपलीकडे यंत्रमागांचा कारखाना. खटाखट, खटाखट, दिवसरात्र. सगळे ओरडून बोलतात आणि कुणालाच आपण ओरडतोय हे माहीत नाही.

शेजारच्या नर्मदाबाई वांगी बघायला आल्या. शिरपूरकडच्या, तीस वर्षं सुरतेत, पण बोलणं जसंच्या तसं अहिराणी. मी विचारलं, “या आवाजात झोप कशी येते हो?”

त्या म्हणाल्या, “आवाज बंद पडना का जाग येस माले.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदाने पोंक आणला. पोंक म्हणजे आपला हुरडाच, ज्वारीचा, कोवळा. आपण शेतात आगटीभोवती बसून खातो, हातावर चोळून, तोंड काळं करून. इथे तो कागदात बांधून मिळतो, आणि त्याच्यावर लिंबू-मिऱ्याची शेव घालतात. हुरड्यावर शेव! मी नाक मुरडलं, हे पाप आहे म्हटलं, आणि दोन वाट्या संपवल्या.

चौक

कॅसेट भरायच्या आधी संग्रहालय बघायला हवं, म्हणून त्याच दिवशी गेलो. निरंजनभाई दारातच होते. पांढरा सदरा, बारीक बांधा, आणि उजव्या हाताचं पहिलं बोट बोलायच्या आधी ओठांवर जाणारं. माणसाला बघून नमस्कार करावा तसे ते बोट ओठांवर ठेवत. सुनंदाने माझी ओळख करून दिली, ‘ह्याच आवाज देणार.’ त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बोट ओठांवर ठेवलं.

एक वॉकमन माझ्या गळ्यात घातला. हेडफोन मी आधी हनुवटीखालून लावले. सुनंदाने नीट केले. बटण दाबलं आणि एका बाईने माझ्या दोन्ही कानांच्या मधोमध, अगदी मेंदूत उभं राहून, हिंदी बोलायला सुरुवात केली. मी सुनंदाला हळूच सांगितलं, “किती छान ऐकू येतं गं!”

हळूच असं मला वाटलं. पलीकडच्या दालनातून तीन माणसं धावत आली. कानात दुसऱ्याचा आवाज असला की स्वतःचा कळत नाही, एवढं ज्ञान मला त्या दिवशी मिळालं. त्याचा उपयोग करायचं काही सुचलं नाही, ते पुढे कळेलच.

मुलांना दाखवायची कपाटं सुनंदाने चार निवडली होती. पहिल्यात मक्केला यात्रेकरू नेणाऱ्या जहाजाची लाकडी प्रतिकृती. दुसऱ्यात नावाड्याची दुर्बीण. तिसऱ्यात जरीची तार ओढायची चरखी. आणि चौथं म्हणजे कपाट नव्हे, काचेआड ठेवलेला एक आख्खा हातमाग. त्याच्यापाशी सुनंदा जरा जास्त वेळ उभी राहिली. म्हणाली, “माझ्या वर्गातल्या पंचवीसातल्या वीस जणांचे बाप मागावर आहेत.”

गोधडीखाली

गुरुवारी भरायला बसलो. कारखान्याचा आवाज टेपमध्ये येऊ नये म्हणून मी युक्ती काढली. मी, टेप आणि एक टॉर्च, तिघं गोधडीखाली. सुनंदा बाहेर घड्याळ धरून. मी मजकूर लिहून काढला होता, आणि रेडिओवरच्या बाईसारखा आवाज लावला होता:

“प्रस्तुत जलयान हे सुरत बंदराच्या वैभवशाली परंपरेचे साक्षीदार होय...”

गोधडीत वारा नाही. दुर्बिणीपर्यंत येता येता मी घामाने निथळले, आणि आवाज आपोआप रडवेला झाला. एवढ्यात गोधडीचं टोक वर झालं. नर्मदाबाईंचं तोंड आत आलं.

“कोन मरी गय व माय?”

सुनंदा तिकडे भिंतीला टेकून हसत होती. मी रागावले. मग टेप उलटी फिरवून ऐकली. खरं सांगायचं तर मलाही वाटलं, कुणी तरी जवळचं गेलं असावं.

शुक्रवार

आठवड्यातून एक दिवस त्या भागातली वीज बंद असते, त्या दिवशी कारखान्यांना सुट्टी. सुनंदाच्या गल्लीचा तो दिवस शुक्रवार. सकाळी आठला माग थांबले. काय शांतता पडली म्हणून सांगू! पाखरांचे आवाज आले. दोन घरं सोडून कुणी तरी शिंकलं तेही ऐकू आलं. टेपमध्ये नवे सेल घातले.

“मावशी, आज कागद नको,” सुनंदा म्हणाली. “अंगणवाडीत सांगायचीस तसं सांग.”

“समोर कुणी नसताना?”

म्हणून नर्मदाबाईंना समोर बसवलं. त्या तांदूळ निवडायला घेऊन आल्या. आणि मी सुटले.

आता आपल्याकडे गोष्ट कशी सांगतात ते तुम्हाला माहीत आहे. सांगणारा एक वाक्य सांगतो, ऐकणारा ‘हं’ म्हणतो. हुंकार आला नाही तर सांगणारा थांबतो. अंगणवाडीत माझा पहिला नियम तोच: हुंकार द्या, नाहीतर मी पुढे जायची नाही. मी टेपमध्ये तसंच म्हटलं. सवयच ती, जिभेला वेगळं सांगावं लागत नाही.

“ही बघा बोट.”

“हं,” नर्मदाबाई, तांदळातून मान वर न करता.

“हिच्यात बसून माणसं पार मक्केला जायची.”

“हं.”

“महिनोन्‌महिने पाणीच पाणी. मग खायचं काय?”

“हं.”

खायचं काय म्हटल्यावर मला पुष्कळच सुचलं. त्यांनी काय नेलं असेल, मी असते तर काय नेलं असतं, ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या टिकतात पण भरीत टिकत नाही, असं सगळं. शेवटी नर्मदाबाईंनी ताट बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, “आते कशी मानूससारखी बोलनी!”

आम्ही तिघींनी ती टेप दोनदा ऐकली. नर्मदाबाईंचा हुंकार त्यात स्पष्ट आला होता. एकीच्याही मनात आलं नाही, की हा ‘हं’ म्हणजे आवाज आहे. जेवताना घास चावल्याचा आवाज आपल्याला येतो का? तसंच ते.

पर्वत पाटिया

एका कॅसेटच्या बारा करायच्या होत्या. पर्वत पाटियाच्या चौकात, कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या हातगाड्यांच्या गर्दीत, कॅसेट भरून देणाऱ्याचं एक फळीएवढं दुकान. दुकानदार अस्सल सुरती. तो प्रत्येक वाक्यात एक शिवी घालायचा, पण अशा प्रेमाने, की जणू चहात साखर घालतोय. यंत्राला शिवी, गिऱ्हाइकाला शिवी, स्वतःच्या भावाला शिवी, आणि भाऊ हसून उत्तर देतोय. आमच्याकडे एवढ्यावर दोन गल्ल्यांत भांडण झालं असतं. माझ्याशी बोलताना मात्र तो वाक्याच्या मध्येच थांबायचा, गिळायचा, आणि ‘मासी’ म्हणायचा.

भरताना त्याने हेडफोन लावून ऐकलं. मराठी त्याला येत नव्हतं फारसं. पण थोड्या वेळाने बघते तर मान हलतेय, आणि तोंडाने चाललंय, “हा... हा... पछी?” मग काय झालं, म्हणून विचारतोय!

मी सुनंदाला कोपर मारलं. “बघ. अनोळखी माणूससुद्धा गुंगला.”

अहो, तिथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती. पण स्तुती ऐकताना माझी अक्कल बाहेर जाऊन बसते, ही जुनीच गोष्ट.

पुन्हा चौक, सोमवार

बारा मुलं आधी, बाकीची नंतर, असं ठरलं. उरलेले आठ वॉकमन त्या दिवशी एका गुजराती शाळेच्या मुलांकडे होते. काय मुलं ती! भांग पाडलेली, रांगेत उभी, कानांवर हेडफोन, तोंडातून शब्द नाही. निरंजनभाईंनी त्यांच्याकडे हात दाखवून सुनंदाला म्हटलं, “आवुं जोईए.” असं पाहिजे.

सुनंदाने आपल्या बारांना बाहेर पायरीवरच तंबी दिली होती. बोलायचं नाही, पळायचं नाही, कॅसेट जे सांगेल ते करायचं.

कॅसेट जे सांगेल ते करायचं. हे वाक्य तिचं. मी फक्त आठवण करून देते.

बारा जण जहाजासमोर गोळा झाले. बटणं दाबली, कुणी आधी, कुणी मागाहून. क्षणभर शांतता. निरंजनभाईंच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. आणि रूपाली नावाची एक बारकीशी मुलगी, दोन वेण्यांची, घसा मोकळा करून म्हणाली,

“हं!”

मग डावीकडून “हं!” मागून “हं!” मग दोघं एकदम, मग एक उशिरा. प्रत्येकाची टेप चार-दोन शब्दांनी पुढे-मागे, आणि कान बंद, म्हणून प्रत्येकाचा आवाज असा, की समोरच्या गल्लीत कुणाला तरी हाक मारतोय. ‘हं! हं! हंऽ! हं!’ त्या दालनाला वर घुमट आहे. एकेका हंचे तीन तीन हं होऊन परत येत होते.

पहारेकरी धावत आला, कुणाच्या पोटात दुखतंय बघायला. गुजराती शाळेची मुलं हसू दाबत होती. मी मनात म्हटलं, त्या जहाजात मावले असते तर आत्ताच मक्केला गेले असते.

निरंजनभाई आले. बोट ओठांवर. मुलांनी ते बोट पाहिलं, आणि कानात मी सांगत होते: हुंकार द्या, नाहीतर मी पुढे जायची नाही. बिचारी पोरं! त्यांनी निरंजनभाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तळहात तोंडावर दाबून, डोळे मोठे करून, आतल्या आत चालू ठेवलं. “म्हं. म्हं. म्हं.”

“बेन, आ शुं छे?” निरंजनभाईंनी सुनंदाला विचारलं.

मी पुढे झाले. “साहेब, ते हुंकार देतायत. ऐकतोय म्हणून.”

“ऐकायला तोंड कशाला लागतं?”

हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

थोड्या वेळाने दुर्बिणीपाशी तीन मुलगे अगदी गप्प झाले. तोंडावर हात नाही, हं नाही, पुतळ्यासारखे. निरंजनभाईंनी मुद्दाम जाऊन त्यांच्या पाठीवर थाप मारली, आणि बाकीच्यांना खूण केली, यांच्याकडे बघा. त्यातला उंच तो दिनेश. त्याने मान खाली घातली. मला वाटलं, गुणी मुलगा, लाजला.

चार कपाटं संपली. वॉकमन परत घेतले. निरंजनभाई म्हणाले, “शांत राहायचं ठरलं होतं, ते झालं नाही. पण दुसरी अट उरलीय. शब्द दिला आहे म्हणून विचारतो.” आणि सुरुवात केली ती गुणी मुलांपासून, हिंदीतून. “बोलो, क्या देखा?”

दिनेशने जहाज सांगितलं. छान सांगितलं, बिबड्यांसकट. मग दुर्बीण. दिनेश गप्प. चरखी? गप्प. हातमाग? दुसरा गप्प, तिसरा गप्प.

“म्हणजे शांतताही नाही आणि शिक्षणही नाही,” निरंजनभाई सुनंदाला म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. सुनंदा पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत, सोडत होती. बारा पोरं तिच्याकडे बघत होती. ह्या दाराने आता पुन्हा ती आत येणार नव्हती, आणि माझ्या जिभेच्या सवयीपायी.

तेवढ्यात रूपाली म्हणाली, “त्यांचं बंद पडलं होतं.”

“क्या?”

दिनेशने सांगितलं, “दुरबीन पे आते ही आवाज गया. सेल खतम.”

“तो बोला क्यों नहीं?”

दिनेशने फक्त आपलं पहिलं बोट ओठांवर ठेवून दाखवलं.

निरंजनभाईंनी दिनेशचा वॉकमन उचलला, कानाला लावला, बटण दाबलं, पुन्हा दाबलं. मग ते पलीकडे गेले. ती आठ मुलं अजून रांगेत उभी होती, तशीच भांग पाडलेली, तशीच शांत. पहिल्या मुलीच्या कानावरचा हेडफोन त्यांनी हळूच काढून आपल्या कानाला लावला. ठीक. दुसऱ्याचा. ठीक. तिसऱ्याचा लावला आणि तसेच उभे राहिले. मग हलवून पाहिला.

आठांतले तीन बंद होते. मुलं मुकाट्याने हेडफोन घालून कपाटापुढून कपाटापुढे जात होती.

“क्यारथी?” त्यांनी एका मुलाला विचारलं. केव्हापासून?

“पहेलेथी,” तो म्हणाला. पहिल्यापासून.

मला त्या माणसाची दया आली हो. वीस यंत्रं त्याने लेकरांसारखी जपली होती, फडक्याने पुसून ठेवायचा. त्यांच्यातून कोण ऐकतंय आणि कोण नुसतं उभं आहे, हे कळायला त्याच्याकडे काही नव्हतं. आमच्या तीन मुलांचा हुंकार दुर्बिणीपाशी थांबला, तिथे मला तरी कळायला हवं होतं. जन्मभर हुंकारावर गोष्ट सांगितलेली बाई मी! पण मी मान मोडून जमिनीत तोंड खुपसायला जागा शोधत होते.

मग त्यांनी उरलेल्या नऊ जणांना विचारलं, आणि नऊही जणांनी चारही कपाटं सांगितली, एकमेकांना ढकलत. रूपालीने तर हातमागाच्या काचेवर नाक लावून सांगितलं, “ह्या धोट्यात कांडी नाहीये. कांडीशिवाय सूत कुठून येणार? माझे पप्पा हसतील.”

निरंजनभाईंनी वाकून पाहिलं. इकडून तिकडे पळणाऱ्या त्या धोट्यात सुताची कांडी खरंच नव्हती.

निकाल

मंगळवारी सुनंदाला बोलावणं आलं. मीही गेले, शाल बिल घेऊन. न जाणो, सत्कार वगैरे.

निरंजनभाई म्हणाले, कॅसेट ठेवतो. मराठी शाळांच्या मुलांनी सकाळच्या पहिल्या तासाला यायचं, इतर लोक येण्याआधी. तेव्हा हं म्हटलं तर चालेल, जरा हळू. आणि जिथे हं थांबेल तिथे पहारेकरी सेल बदलेल. बोलताना त्यांचं बोट ओठांकडे निघालं आणि वाटेत हनुवटीवर थांबलं.

“फक्त,” ते म्हणाले, “कॅसेट पुन्हा भरा. सुनंदाबेननी बोलावं. ह्या बेनचा आवाज कापतो, आणि जहाजाबद्दल कमी, वांग्याबद्दल जास्त आहे.”

मी शाल घडी घालून मांडीवर ठेवली.

“पण ते हं राहू द्या कॅसेटमध्ये. नाहीतर मुलांना कळणार नाही कुठे म्हणायचं ते.” मला वाटलं, चला, काही तरी उरलं. “हं म्हणणाऱ्या त्या दुसऱ्या बेन कोण? त्यांचं फार चांगलं आहे. त्यांनाच घ्या.”

म्हणजे नर्मदाबाई! तांदूळ निवडत बसलेली बाई संग्रहालयात पास, आणि मी नापास. घरी येईपर्यंत सुनंदा माझ्याकडे बघायचं टाळत होती. बघितलं असतं तर ती हसली असती आणि मी रडले असते, किंवा उलट.

पण नर्मदाबाई बुधवारी शिरपूरला गेल्या, लेकीच्या बाळंतपणाला. तेव्हा पुढच्या शुक्रवारी हुंकाराला मीच उरले. असं माझं काम झालं.

दुसरा शुक्रवार

माग थांबले. पाखरं बोलू लागली. सुनंदा टेपसमोर बसली, मी तिच्यासमोर. मला ताकीद होती की हं सोडून एक अक्षर बोलायचं नाही. तुम्हाला हसू येईल, पण मला त्यासाठी पदराचं टोक दातांत धरावं लागलं. जहाजापाशी वांग्याचं भरीत माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं.

सुनंदा बोलत होती. तिला मी तिच्या पाळण्यापासून ओळखते. पण ती अर्धा तास सलग बोलतेय आणि मी मध्ये तोंड घालत नाहीये, असं आजपर्यंत झालं नव्हतं. दुर्बीण झाली. चरखी झाली. ती हातमागापाशी आली.

“मुलांनो, हा माग हाताने चालायचा.”

“हं.”

“ह्याचा आवाज एवढाच. खट्. मग थोडं थांबून, खट्.”

“हं.”

“मधे एवढी जागा असायची, की मागावर बसलेला माणूस बोलू शकायचा. शेजारी कांड्या भरणारी बायको त्याला उत्तर द्यायची. तुमचे पप्पा जिथे काम करतात तिथे बारा तास कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही. म्हणून ते घरी आले की लगेच बोलत नाहीत. ते रागावलेले नसतात. त्यांचे कान अजून कारखान्यातच असतात. थोडं थांबा, मग आज काय पाहिलं ते त्यांना सांगा.”

मी तिच्याकडे बघत राहिले. आठ-दहा दिवस त्या गल्लीत राहिले होते. तिथली पुरुषमाणसं घुमी, तुसडी, असं मी मनात लिहूनही ठेवलं होतं, घरी जाऊन सांगायला.

सुनंदा थांबली होती. टेप फिरत होती. तिने भुवया वर केल्या. ती पुढे का जात नाही हे मला कळेना, आणि मग कळलं.

“हं,” मी म्हटलं.

कॅसेटमध्ये तो हं बराच उशिरा आला आहे. सुनंदा म्हणाली, राहू दे तसाच. तुम्ही कधी सुरतेला गेलात आणि चौथ्या कपाटापाशी टेप गप्प झालीसं वाटलं, तर सेल बदलायला सांगू नका. थोडं थांबा, मी म्हणतेच.